इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष बदलतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

26 जानेवारी 2023 रोजी दिल्लीच्या कर्तव्यपथावर प्रमुख पाहुणे म्हणून अब्देल फताह अल-सिसी बसले होते. आपल्या प्रजासत्ताक दिनाला आलेले ते इजिप्तचे पहिले राष्ट्राध्यक्ष. आपण ज्याला प्रजासत्ताक म्हणतो, त्याच नावाने इजिप्तही 1953 पासून ओळखला जातो. पण तिथे एक राष्ट्राध्यक्ष जाऊन दुसरा येतो तेव्हा नेमकं काय घडतं, याबद्दल मराठीत फार थोडं वाचायला मिळतं, आणि जे मिळतं त्यात बऱ्याचदा पहिल्याच राष्ट्राध्यक्षाचं नाव चुकलेलं असतं. या विषयावर जे प्रश्न सतत समोर येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

देशाच्या नावातच 'अरब' का आहे?

18 जून 1953 रोजी राजेशाही संपली तेव्हा देश नुसता 'इजिप्तचं प्रजासत्ताक' होता. फेब्रुवारी 1958 मध्ये इजिप्त आणि सीरिया एक झाले आणि 'संयुक्त अरब प्रजासत्ताक' जन्माला आलं. सप्टेंबर 1961 मध्ये सीरिया फुटून निघाला, तरी नासर यांनी ते नाव सोडलं नाही. म्हणून साठच्या दशकातली मराठी वर्तमानपत्रं चाळताना 'संयुक्त अरब प्रजासत्ताक' दिसलं, तर बहुतेक वेळा तो एकटा इजिप्तच असतो. आजचं 'इजिप्तचं अरब प्रजासत्ताक' हे नाव सप्टेंबर 1971 चं, सादात यांच्या काळातलं.

आजवर किती राष्ट्राध्यक्ष झाले?

पूर्ण अधिकाराचे सहा: महंमद नगीब, गमाल अब्दुल नासर, अन्वर सादात, होस्नी मुबारक, मोहम्मद मोर्सी आणि सिसी. हंगामी दोन: 1981 मध्ये आठ दिवस सूफी अबू तालेब आणि 2013-14 मध्ये अकरा महिने अदली मन्सूर. सादात यांनीही 1970 मध्ये आधी काही दिवस हंगामी म्हणूनच काम पाहिलं. याशिवाय दोन कालखंड असे आहेत की राष्ट्राध्यक्ष हे पदच रिकामं होतं आणि कारभार लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळाकडे होता. एकदा 1954 ते 1956 आणि पुन्हा 2011-12 मध्ये.

सहांपैकी मोर्सी सोडले तर पाचही जण लष्करातून आलेले. आणि आपली मुदत पूर्ण करून, निवडून आलेल्या दुसऱ्या माणसाच्या हाती कारभार सोपवून घरी गेला, असा या सहांत एकही नाही. पुढची सगळी उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवावं, कारण इजिप्तच्या प्रजासत्ताकातली सर्वांत दुखरी जागा मला हीच वाटते.

पहिले राष्ट्राध्यक्ष नासर ना?

नाही. पहिले नगीब. ही चूक इतकी पसरली आहे की तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगणं भाग आहे.

23 जुलै 1952 च्या पहाटे 'मुक्त अधिकारी' या तरुण लष्करी अधिकाऱ्यांच्या गटाने कैरोतलं सैन्य मुख्यालय ताब्यात घेतलं. गटाचं डोकं नासर होते, पण ते तेव्हा पस्तिशीही न गाठलेले लेफ्टनंट कर्नल. लोकांनी आणि सैन्याने विश्वास ठेवावा असा चेहरा हवा होता. तो नगीब यांचा होता. ते मेजर जनरल होते, खार्तूममध्ये जन्मलेले, 1948 च्या पॅलेस्टाइन युद्धात जखमी झालेले. 26 जुलैला राजा फारूकने अलेक्झांड्रियात राजत्याग केला आणि 'महरूसा' या शाही नौकेतून तो इटलीकडे निघाला. गादी मात्र लगेच मोडली नाही. फारूकचा काही महिन्यांचा मुलगा अहमद फुआद याला राजा घोषित करून सुमारे अकरा महिने त्याच्या नावाने कारभार चालला. जून 1953 मध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं आणि नगीब राष्ट्राध्यक्ष झाले, सोबत पंतप्रधानही.

नगीब यांचं म्हणणं होतं की सैनिकांनी बराकीत परतावं आणि संसदीय राजवट यावी. नासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते मान्य नव्हतं. फेब्रुवारी 1954 मध्ये नगीब यांनी राजीनामा दिला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, घोडदळातले अधिकारी त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना परत आणावं लागलं. पण महिनाभरातच पारडं फिरलं. ऑक्टोबरमध्ये अलेक्झांड्रियाच्या मन्शिया चौकात भाषण करताना नासर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुस्लिम ब्रदरहूड या धार्मिक-राजकीय संघटनेवर कारवाई सुरू झाली, नगीब यांचा त्यांच्याशी संबंध असल्याचा आरोप झाला आणि 14 नोव्हेंबर 1954 रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आलं.

कैरोच्या ईशान्येला मर्ग इथल्या एका बंगल्यात त्यांना नजरकैदेत ठेवलं गेलं. नासर जिवंत असेपर्यंत ती उठली नाही. सादात सत्तेवर आल्यावर ते मोकळे झाले. दरम्यान देशाच्या अधिकृत इतिहासातून त्यांचं नाव जवळजवळ पुसलं गेलं होतं आणि पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून नासर यांचंच नाव एका पिढीच्या मनात बसलं. आपल्याकडे पोचलेली चूक ही तिथूनच आलेली आहे. नगीब 1984 मध्ये वारले, तेव्हा त्यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला.

मग 1954 ते 1956 राष्ट्राध्यक्ष कोण होतं?

कोणीच नाही. लष्करी अधिकाऱ्यांच्या क्रांती नेतृत्व परिषदेच्या जोरावर नासर पंतप्रधान म्हणून राज्य करत होते. 23 जून 1956 च्या सार्वमताने नवी घटना आणि नासर यांचं राष्ट्राध्यक्षपद, दोन्हींवर एकाच दिवशी शिक्कामोर्तब झालं. महिनाभराने, 26 जुलैला, त्यांनी सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली.

नासर यांनी खरंच राजीनामा दिला होता का?

दिला होता. इस्रायलशी झालेल्या जून 1967 च्या युद्धातल्या पराभवानंतर, 9 जूनच्या संध्याकाळी, दूरचित्रवाणीवरून. आपल्या जागी झकेरिया मोहिएद्दीन यांचं नावही त्यांनी जाहीर केलं. म्हणजे हयात राष्ट्राध्यक्षाने स्वतःहून उत्तराधिकारी नेमून बाजूला होण्याचा हा एकमेव प्रसंग. पण कैरोच्या रस्त्यांवर माणसांचा पूर लोटला, 'जाऊ नका' अशी हाक उठली आणि दुसऱ्या दिवशी नासर यांनी राजीनामा मागे घेतला. ती गर्दी किती उत्स्फूर्त होती आणि किती आणलेली, यावर आजही वाद होतो. माझ्या मते दुःख खरं होतं.

नासर यांच्यानंतर सादातच का आले? ते तर मागच्या रांगेतले मानले जात.

कारण नासर गेले त्या दिवशी 'नायब' ते होते. अरबीत उपराष्ट्राध्यक्षाला 'नायब रईस' म्हणतात. 'नायब' म्हणजे आपल्या नायब तहसीलदारातलाच. 'रईस' हा शब्द मराठीत श्रीमंत माणसासाठी आला, अरबीत मात्र त्याचा अर्थ प्रमुख, म्हणजेच राष्ट्राध्यक्ष.

डिसेंबर 1969 मध्ये अरब शिखर परिषदेसाठी मोरोक्कोला निघण्याआधी नासर यांनी सादात यांना उपराष्ट्राध्यक्ष केलं. त्या वेळी या नेमणुकीकडे कोणी फार गांभीर्याने पाहिलं नाही. 28 सप्टेंबर 1970 रोजी, जॉर्डन आणि पॅलेस्टिनी लढवय्यांमधली रक्तरंजित लढाई थांबवण्यासाठी भरवलेली परिषद आटोपून पाहुण्यांना निरोप दिल्यावर, हृदयविकाराच्या झटक्याने नासर गेले. त्यांचं वय होतं 52. ही बातमी सादात यांनीच देशाला सांगितली. घटनेप्रमाणे ते हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि 15 ऑक्टोबरच्या सार्वमतात 90 टक्के मतांनी कायम.

नासर यांचे बलाढ्य सहकारी, म्हणजे अली साबरी, गृहमंत्री शरावी गोमा, युद्धमंत्री महंमद फौझी, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा कारभार पाहणारे सामी शराफ, या सगळ्यांना वाटत होतं की हा माणूस आपल्या मुठीत राहील. मे 1971 मध्ये सादात यांनी आधी अली साबरी यांना काढलं, मग गृहमंत्र्यांना. बाकीच्यांनी सरकार कोसळावं म्हणून एकत्र राजीनामे दिले आणि ते रेडिओवरून जाहीरही झाले. सादात यांनी ते स्वीकारले आणि सगळ्यांना अटक केली. 15 मे 1971 ची ही घटना 'सुधारणा क्रांती' म्हणून ओळखली जाते. सप्टेंबर 1970 मध्ये पद मिळालं होतं, पण सत्ता खऱ्या अर्थाने हाती आली ती इथे. इजिप्तमध्ये या दोन तारखा वेगळ्या असतात, आणि दुसरी तारीख शोधल्याशिवाय सत्तांतर समजत नाही.

1981 मध्ये मुबारक उपराष्ट्राध्यक्ष होते, तरी अबू तालेब कुठून आले?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण भारतीय वाचक साहजिकच आपल्या घटनेच्या चष्म्यातून पाहतो. आपल्याकडे राष्ट्रपती गेले की उपराष्ट्रपती काम पाहतात. 3 मे 1969 रोजी झाकीर हुसेन यांचं निधन झालं तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांनी सूत्रं घेतली. इजिप्तच्या 1971 च्या घटनेने मुद्दाम वेगळी वाट धरली. पद रिकामं झालं तर संसदेचे सभापती हंगामी राष्ट्राध्यक्ष होतील, संसद विसर्जित असेल तर सर्वोच्च घटना न्यायालयाचे अध्यक्ष. अट अशी की हंगामी माणसाने स्वतः उमेदवार व्हायचं नाही. नवा राष्ट्राध्यक्ष 60 दिवसांच्या आत निवडायचा.

ही अट मला मोलाची वाटते. खुर्चीत बसून खुर्चीसाठी लढण्याचा मोह ती मुळातच तोडते. आपल्याकडे गिरी यांना निवडणूक लढवायची होती म्हणून त्यांनी जुलै 1969 मध्ये राजीनामा दिला, आणि मग सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी महिनाभर राष्ट्रपतिपद सांभाळलं. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले तेच हे हिदायतुल्ला. न्यायाधीशाने काही काळ देशाचा प्रमुख होणं आपल्यालाही अनोळखी नाही. खाली मन्सूर यांचं नाव येईल तेव्हा हे आठवावं.

6 ऑक्टोबर 1981 ला, इस्रायलशी झालेल्या 1973 च्या युद्धाच्या स्मृतिदिनी, कैरोच्या नस्र सिटीत संचलन चालू असताना लेफ्टनंट खालिद इस्लाम्बूली आणि त्याच्या साथीदारांनी लष्करी ट्रकमधून उतरून सादात यांच्यावर गोळीबार केला. शेजारीच बसलेले मुबारक वाचले. त्याच दिवशी सभापती सूफी अबू तालेब हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. ते कायद्याचे प्राध्यापक, कैरो विद्यापीठाचे माजी प्रमुख. संसदेने मुबारक यांचं नाव पुढे केलं, 13 तारखेला सार्वमत झालं, 14 तारखेला मुबारक यांनी शपथ घेतली. राष्ट्राध्यक्षाची भर संचलनात हत्या झालेली असतानाही हे सत्तांतर कागदावरच्या नियमाप्रमाणे पार पडलं, याची नोंद घ्यायला हवी. पुढचा माणूस कोण, याबद्दल मात्र त्या आठ दिवसांत कोणाच्याच मनात शंका नव्हती.

सार्वमत म्हणजे निवडणूकच ना?

नव्हे. 1956 पासून 2005 पर्यंत इजिप्तच्या मतदाराला राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन नावं एका मतपत्रिकेवर कधीच दिसली नाहीत. 1971 च्या घटनेत संसदेने दोन तृतीयांश बहुमताने एक नाव ठरवायचं आणि लोकांनी त्यावर 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, अशी रीत होती. नासर यांना 1956 मध्ये 99.9 टक्के 'हो' मिळाले. मुबारक यांनी 1981, 1987, 1993 आणि 1999 अशी चार सार्वमतं पार केली, प्रत्येक वेळी नव्वदच्या वर टक्के घेऊन.

याच काळात एक छोटासा बदल झाला, ज्याचे परिणाम तीस वर्षं टिकले. मूळ घटनेनुसार सहा वर्षांनंतर आणखी एकच मुदत मिळू शकत होती. आपल्या 'मुदत' शब्दाचं मूळ असलेला अरबी शब्दच तिथे एकवचनी होता. मे 1980 च्या दुरुस्तीत त्याचं अनेकवचन झालं, आणि 'आणखी एक मुदत' याऐवजी 'आणखी मुदती' आल्या. सादात यांना त्याचा उपयोग झाला नाही, ते पुढच्याच वर्षी गेले. त्या अनेकवचनावर मुबारक यांचं राज्य उभं राहिलं.

मे 2005 मध्ये घटना बदलून अनेक उमेदवारांची वाट मोकळी झाली, पण अपक्षाला निवडून आलेल्या 250 लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतील, अशी अट घातली गेली. सगळी सभागृहं सत्ताधारी पक्षाने भरलेली असताना त्या सह्या कोण देणार? सप्टेंबरमध्ये मुबारक 88 टक्क्यांहून अधिक मतं घेऊन जिंकले. मतदानाला आले ते जेमतेम 23 टक्के लोक. दुसऱ्या क्रमांकावर आलेले अयमान नूर त्याच डिसेंबरात बनावट सह्यांच्या खटल्यात तुरुंगात गेले.

मुबारक यांनी उपराष्ट्राध्यक्ष का नेमला नाही?

योग्य माणूस सापडत नाही, असं ते सांगत. लोकांना कारण वेगळं दिसत होतं. धाकटा मुलगा गमाल 2000 नंतर सत्ताधारी पक्षात झपाट्याने वर चढत होता. कैरोत त्या दशकात एक शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, 'तौरीस'. ज्या धातूपासून आपला 'वारस' आणि 'वारसा' आला, त्याच धातूपासून हा शब्द होतो. अर्थ, वारशाने देणं.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. जून 2000 मध्ये सीरियात हाफेज अल-असद गेले त्याच दिवशी तिथल्या संसदेने घटनेतलं किमान वय 40 वरून 34 वर आणलं, कारण मुलगा बशर तेव्हा 34 वर्षांचा होता. इजिप्तचे समाजशास्त्रज्ञ साद एद्दीन इब्राहीम यांनी या प्रकारासाठी 'गुमलुकिया' असा शब्द घडवला. 'गुम्हुरिया' म्हणजे प्रजासत्ताक आणि 'मलकिया' म्हणजे राजेशाही, या दोघांचा सांधा. त्याच वर्षी त्यांना अटक झाली.

सैन्यालाही गमाल नको होता, असं मानलं जातं, कारण त्याने गणवेश घातलेला नव्हता. मुबारक यांनी उपराष्ट्राध्यक्ष नेमला तो 29 जानेवारी 2011 रोजी. गुप्तहेर खात्याचे प्रमुख ओमर सुलेमान. कैरोतला तहरीर चौक तोवर मुबारक यांच्या विरोधातल्या निदर्शकांनी भरून गेला होता आणि मुबारक यांच्या हाती तेरा दिवस उरले होते.

2011 मध्ये सत्ता लष्कराकडे गेली, ते घटनेला धरून होतं का?

नव्हतं. 11 फेब्रुवारीच्या संध्याकाळी सुलेमान यांनी दूरचित्रवाणीवर दोनच वाक्यांत सांगितलं की राष्ट्राध्यक्षांनी पद सोडलं आहे आणि देशाचा कारभार सशस्त्र दलांच्या सर्वोच्च परिषदेकडे सोपवला आहे. घटनेप्रमाणे कारभार सभापती फथी सोरूर यांच्याकडे जायला हवा होता आणि 60 दिवसांत निवडणूक व्हायला हवी होती. सैनिकांच्या परिषदेला सत्ता देण्याची तरतूद घटनेत कुठेही नव्हती.

पण त्या रात्री तहरीर चौकात नाचणाऱ्या कोणालाही सोरूर नको होते. 2010 च्या निवडणुकीतल्या गैरप्रकारांमुळे त्या संसदेवर लोकांचा काडीचाही विश्वास नव्हता. लोकांनी नियमाबाहेरच्या वाटेचं स्वागत केलं, यात त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. नियम ज्यांनी वाकवले होते, त्यांच्याच हाती नियमाने पुन्हा सत्ता जाणार होती. तरीही त्या रात्रीची किंमत पुढे मोजावी लागली. दोन दिवसांनी परिषदेने घटना स्थगित केली, संसद विसर्जित केली, आणि फिल्ड मार्शल महंमद हुसेन तंतावी सोळा महिन्यांहून अधिक काळ राष्ट्राध्यक्ष न म्हणवता देशाचे प्रमुख राहिले.

मोर्सी यांची निवड खरी होती का?

हो. अनेक तगडे उमेदवार, दोन फेऱ्या आणि आधी कोणालाच न सांगता येणारा निकाल, हे इजिप्तने पहिल्यांदा पाहिलं ते मे-जून 2012 मध्ये. पहिल्या फेरीत मुस्लिम ब्रदरहूडचे मोर्सी, मुबारक यांचे शेवटचे पंतप्रधान अहमद शफीक आणि नासरवादी हमदीन सबाही या तिघांनाही वीस टक्क्यांच्या पुढे मतं होती. दुसऱ्या फेरीत मोर्सी 51.73 टक्के, शफीक 48.27.

शपथ कुठे घ्यायची, यावरही पेच पडला. संसदेचं कनिष्ठ सभागृह न्यायालयाने पंधरवड्यापूर्वीच रद्दबातल ठरवलं होतं. मोर्सी यांनी आदल्या दिवशी तहरीर चौकात लोकांसमोर शपथ उच्चारली आणि 30 जूनला सर्वोच्च घटना न्यायालयात अधिकृतपणे घेतली. ऑगस्टमध्ये त्यांनी तंतावी यांना निवृत्त करून सिसी यांना संरक्षणमंत्री केलं. 22 नोव्हेंबरला आपले निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारा हुकूम काढून मात्र त्यांनी ज्यांची मतं मिळवली होती, त्यातल्या पुष्कळांना दुखावलं. ती त्यांची मोठी चूक होती.

2013 मध्ये न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष कसे झाले?

30 जून 2013 ला मोर्सी यांच्याविरुद्ध प्रचंड निदर्शनं झाली. 3 जुलैला सिसी यांनी गणवेशात दूरचित्रवाणीवर येऊन घटना स्थगित केल्याचं आणि सर्वोच्च घटना न्यायालयाचे अध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष होतील असं जाहीर केलं. अदली मन्सूर यांनी 4 जुलैला शपथ घेतली. न्यायालयाच्या अध्यक्षपदावर ते नुकतेच आले होते.

कोणी म्हणेल, हे तर हिदायतुल्लांसारखंच झालं. तसं नाही. हिदायतुल्ला 1969 च्या कायद्याने ठरवलेल्या वाटेने आले. डिसेंबर 2012 मध्ये संमत झालेल्या इजिप्तच्या घटनेत सभापती नसतील तर वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे शूरा परिषदेच्या, अध्यक्षांनी सूत्रं घ्यावीत असं लिहिलं होतं, आणि ती परिषद तेव्हा अस्तित्वात होती. न्यायाधीशाचं नाव 1971 च्या रद्द झालेल्या घटनेची आठवण करून देणारं होतं, पण त्यांना बसवलं ते सैन्याने. 14 ऑगस्टला कैरोच्या राबा अल-अदविया चौकातला मोर्सीसमर्थकांचा ठिय्या उठवताना शेकडो माणसं मारली गेली. त्या सत्तांतराबद्दल लिहिताना ही माणसं वगळता येत नाहीत.

एका राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याला रीतसर कारभार सोपवला, असं कधी झालं आहे का?

एकदा, 8 जून 2014 रोजी. मे महिन्यातल्या निवडणुकीत सिसी जवळजवळ 97 टक्के मतं घेऊन आले होते, समोर एकटे सबाही. शपथविधीनंतर इत्तिहादिया राजवाड्यात मन्सूर आणि सिसी या दोघांनी सत्ता हस्तांतराच्या दस्तावर सह्या केल्या. देशाच्या इतिहासात असा कागद पहिल्यांदाच झाला.

उद्या पद अचानक रिकामं झालं तर आजची घटना काय सांगते?

2014 च्या घटनेचं 160 वं कलम पाहावं. मृत्यू, राजीनामा किंवा कायमची असमर्थता असेल तर प्रतिनिधिगृहाचे सभापती हंगामी राष्ट्राध्यक्ष. सभागृहच अस्तित्वात नसेल तर सर्वोच्च घटना न्यायालयाचे अध्यक्ष. नवी निवड 90 दिवसांत. हंगामी माणसाला उमेदवार होता येत नाही, घटनादुरुस्ती सुचवता येत नाही, सभागृह विसर्जित करता येत नाही. आजारपणासारखी तात्पुरती अडचण असेल तर गोष्ट वेगळी. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी उपराष्ट्राध्यक्ष, आणि ते नसतील तर पंतप्रधान काम पाहतात. त्याच दुरुस्तीने उपराष्ट्राध्यक्षाची जागा पुन्हा निर्माण केली. पण 2024 मध्ये सिसी यांनी तिसऱ्यांदा शपथ घेतली तोवर ती भरलेली नव्हती.

अरबीत राज्यघटनेला 'दुस्तूर' म्हणतात. मूळ शब्द फारसी. मराठीत तो 'दस्तूर' म्हणून आला आणि त्याचा अर्थ रिवाज असा झाला. इजिप्तचा 'दुस्तूर' या बाबतीत स्पष्ट आणि चांगला लिहिलेला आहे. 'दस्तूर' मात्र असा की पद रिकामं झालं की सगळ्यांच्या नजरा आधी सैन्याकडे वळतात.

उमेदवार कोणाला होता येतं? स्त्रीला?

वय किमान 40, आईवडील इजिप्शियन. स्वतःकडे, आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे कधीही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व नसलेलं. लष्करी सेवा केलेली किंवा तिच्यातून सूट मिळालेली. शिवाय प्रतिनिधिगृहाच्या 20 सदस्यांचा पाठिंबा, किंवा 15 प्रांतांतून मिळून 25,000 मतदारांचा, प्रत्येक प्रांतात किमान 1,000. स्त्रियांना कायद्याची आडकाठी नाही. मतपत्रिकेपर्यंत मात्र आजवर एकही स्त्री पोचलेली नाही.

प्रत्यक्षात अडचण अटींची कमी आणि वातावरणाची जास्त असते. 2018 मध्ये माजी सेनाप्रमुख सामी अनान यांनी उभं राहणार म्हणताच त्यांना अटक झाली, शफीक यांनी माघार घेतली, आणि उरले ते मूसा मुस्तफा मूसा. त्यांना मिळालेल्या मतांपेक्षा बाद मतं जास्त निघाली.

सिसी 2030 नंतरही राहू शकतात का?

आजच्या मजकुराप्रमाणे नाही. 2014 च्या घटनेत चार वर्षांच्या दोन मुदती होत्या, म्हणजे सिसी 2022 मध्ये जायला हवे होते. एप्रिल 2019 च्या सार्वमताने मुदत सहा वर्षांची केली, चालू मुदत 2024 पर्यंत लांबवली आणि फक्त त्यांच्यासाठी आणखी एका मुदतीची सोय केली. डिसेंबर 2023 च्या निवडणुकीत ते 89.6 टक्के मतांनी जिंकले आणि 2 एप्रिल 2024 ला नव्या प्रशासकीय राजधानीत त्यांनी शपथ घेतली.

हे घडू नये म्हणून घटनेत 226 वं कलम होतंच. राष्ट्राध्यक्षाच्या फेरनिवडीबाबतच्या तरतुदी बदलायच्या असतील तर हमी वाढवण्यासाठीच बदलता येतील, असं त्यात लिहिलं आहे. हे कलम ज्यांनी लिहिलं, त्यांना 1980 च्या त्या अनेकवचनाची चांगली आठवण होती. दुरुस्तीच्या बाजूने युक्तिवाद झाला की बदल मुदतीच्या लांबीत आहे, संख्येत नाही. मला तो पटत नाही.

बाकीच्या अरब प्रजासत्ताकांतही असंच आहे का?

सगळीकडे नाही. ट्युनिशियात 1987 मध्ये पंतप्रधान बेन अली यांनी डॉक्टरांच्या सह्यांचा दाखला काढून वृद्ध बुरगिबा यांना असमर्थ ठरवलं आणि स्वतः बसले, हे खरं. पण त्याच देशात 25 जुलै 2019 रोजी राष्ट्राध्यक्ष अस्सेब्सी यांचं निधन झालं, काही तासांत सभापतींनी हंगामी शपथ घेतली आणि 90 दिवसांच्या मर्यादेत नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले. ट्युनिशियात पुढे बरंच बिनसलं, तरी त्या तीन महिन्यांत कोणीही सैन्याकडे पाहिलं नाही.

पायउतार झालेल्यांचं पुढे काय झालं?

कैरोच्या मेट्रोने फिरताना याचं अर्धं उत्तर मिळतं. तहरीर चौकाखालचं स्थानक सादात. पुढचं नासर. दुसऱ्या मार्गावर नगीब यांच्या नावाचं स्थानक आहे. रामसेस चौकातलं मुबारक स्थानक 2011 नंतर 'शोहदा', म्हणजे हुतात्मे, झालं. मोर्सी यांच्या नावाचं स्थानक नाही.

मुबारक यांना 2012 मध्ये जन्मठेप झाली, ती पुढे रद्द झाली, 2017 मध्ये ते सुटले आणि फेब्रुवारी 2020 मध्ये वारले, तेव्हा त्यांना लष्करी मानवंदना मिळाली. मोर्सी 17 जून 2019 रोजी खटल्याची सुनावणी चालू असताना न्यायालयातच कोसळून गेले. दफन दुसऱ्या दिवशी पहाटे, मोजक्या कुटुंबीयांच्या उपस्थितीत झालं. अदली मन्सूर कारभार सोपवून सर्वोच्च घटना न्यायालयात आपल्या जागेवर परत गेले आणि 2016 मध्ये तिथूनच निवृत्त झाले.